उपचाराच्या गाईडलाईनमधली मोघम भाषा: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. त्याआधी काही वर्षं ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते. आशाताई, सिस्टर, नवीन लागलेले डॉक्टर, कधी पेशंटचे नातेवाईक, असे सगळ्यांचे मेसेज येतात, बरेचदा रात्री, सोबत भिंतीवर लावलेल्या गाईडलाईनच्या चार्टचा तिरपा फोटो, आणि विचारायचं एकच असतं की इथं असं लिहिलंय तर नेमकं करायचं काय. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. डोस आलेत ते भाषा समजावी म्हणून, पेशंट समोर असेल तेव्हा आपल्याकडची सध्या चालू असलेली गाईडलाईन आणि आपले मेडिकल ऑफिसर हेच धरा.

१. गाईडलाईन म्हणजे जीआर का? पाळलीच पाहिजे का?

जीआर हा शासनाचा निर्णय असतो. गाईडलाईन म्हणजे अमुक आजारात काय केलं तर पेशंटला फायदा होतो, हे अभ्यास तपासून तज्ज्ञांनी दिलेला सल्ला. टीबी, मलेरिया अशा राष्ट्रीय कार्यक्रमांचे प्रोटोकॉल आपल्याकडे जवळपास आदेशासारखेच चालतात, आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) एकेका पानाचे ट्रीटमेंट वर्कफ्लो मात्र डॉक्टरला वाट दाखवण्यासाठी आहेत. एखाद्या पेशंटमध्ये वेगळं करावं लागलं तर करता येतं, फक्त का केलं ते केसपेपरवर लिहायचं. आता वाक्यच मोघम असेल तर आपण पाळलं की सोडलं हेच ठरवता येत नाही, आणि नंतर चौकशी लागली तर ते वाक्य लिहिणारा नाही, रात्री ड्युटीवर असलेली सिस्टर उभी राहते. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

२. मोघम म्हणजे काय? मला तं वाचून सगळं समजते.

वाचताना समजतंच, अडचण हात चालवायच्या वेळी येते. माझी साधी परीक्षा अशी: तेच वाक्य दोन सिस्टरना वेगवेगळं बसवून वाचायला द्या, एक पेशंट सांगा, आणि काय कराल ते लिहून घ्या. उत्तरं वेगळी आली तर वाक्यात खोट आहे.

खोट तीन प्रकारची दिसते. पहिली, हद्दच नाही: ‘जास्त ताप’, ‘बरीच सूज’, ‘लहान मूल’. दुसरी, एका वाक्याचे दोन अर्थ निघतात. ‘ताप आणि खोकला किंवा दम असल्यास रेफर करा’, हे घ्या. ताप नाही, खोकला नाही, नुसता दम आहे, पाठवायचं का? एका सिस्टरनं वाचलं की ताप पाहिजेच, सोबत खोकला नाहीतर दम. दुसरीनं वाचलं की दम एकटा असला तरी पाठवायचं. व्याकरणानं दोघी बरोबर आहेत! तिसरी खोट म्हणजे अर्धवट वाक्य, ‘बीपी नियमित तपासावे’. कोणी, किती वेळानं, आणि किती आलं तर काय, हे सगळं गायब.

३. लिहिणारे एवढे मोठे डॉक्टर असतात, मग असं काहून लिहितात?

निष्काळजीपणा हे एक कारण आहे पण सगळ्यात मोठं नाही. कधी पुरावाच कच्चा असतो, ५ मिग्रॅ की १० हे कोणत्याच अभ्यासातून पक्कं झालेलं नसतं, तेव्हा प्रामाणिक माणूस हात राखून लिहितो. कधी कमिटीत दोन मतं पडतात आणि दोघांनाही चालेल असा एखादा ढिला शब्द ठेवून विषय संपवतात. कधी लिहिणारा मोठ्या हॉस्पिटलमधला असतो, त्याच्या डोळ्यासमोर चोवीस तास लॅब आणि बाजूला उभे रेसिडेंट डॉक्टर, म्हणून ‘गरजेप्रमाणे’ हा शब्द त्याला पुरेसा वाटतो, कारण गरज ओळखणारा माणूस त्याच्याकडे हजर असतो, आपल्याकडे रात्री २ वाजता नसतो.

पुरावा कच्चा असेल तर ते लपवू नये म्हणून ग्रेड नावाची पद्धत निघाली. तिच्यात शिफारस ‘भक्कम’ की ‘सशर्त’ हे वेगळं सांगतात आणि मागचा पुरावा उच्च, मध्यम, कमी की अगदी कमी हे वेगळं सांगतात. जागतिक आरोग्य संघटना हीच पद्धत वापरते. ब्रिटनमध्ये गाईडलाईन बनवणाऱ्या नाईस संस्थेनं तर क्रियापदंच ठरवून टाकलीत, भक्कम शिफारशीला ‘ऑफर’ आणि सौम्य शिफारशीला ‘कन्सिडर’, म्हणजे पहिला शब्द वाचताच वजन कळतं. मराठीत येताना हे वजन कसं गळून पडतं ते पुढच्या प्रश्नात बघा.

४. ‘द्यावे’, ‘देण्यात यावे’, ‘देता येईल’, ‘शक्यतो द्यावे’ यात काही फरक आहे का?

असायला पाहिजे, पण आपल्या सरकारी मराठीत तो पुसला गेलाय. इंग्रजीत मस्ट, शुड आणि मे हे तीन वेगळ्या जोराचे शब्द आहेत. भाषांतरात पहिल्या दोघांचं ‘द्यावे’ होतं आणि घाईत असले की तिसऱ्याचंही ‘द्यावे’च होतं. मग ‘कुत्रं चावलेली जखम साबणपाण्याने धुवावी’ आणि ‘पेशंटला फॉलोअपसाठी फोन करावा’ ही दोन वाक्यं एकाच वजनाची दिसतात, यातलं पहिलं चुकलं तर जीव जाऊ शकतो.

ट्रेनिंगमध्ये मी असं सांगते की करायचंच असेल तर ‘द्यायचंच’, एरवी द्यायचं पण डॉक्टर कारण लिहून टाळू शकतात तिथे ‘द्यायचं’, आणि मर्जीवर असेल तिथे ‘दिलं तरी चालेल’. बोलीतले शब्द आहेत, कागदावर बरे दिसत नाहीत असं एका वरिष्ठांनी मला सुनावलं होतं. पण आशाताईला ते एका वाचनात कळतात, ‘देण्यात यावे’ कळत नाही. आणि ‘देण्यात यावे’मध्ये आणखी एक गोष्ट हरवते ती म्हणजे कोणी द्यायचं, आशानं, सिस्टरनं की डॉक्टरनं.

५. ‘आवश्यकतेनुसार’ असं लिहिलं असेल तर काय समजायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझा सगळ्यात जास्त राग याच शब्दावर आहे.

२०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीची विषबाधा इथे दर हंगामात येते. विष ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर ॲट्रोपिन हे मुख्य औषध. आता चार्टवर ‘ॲट्रोपिन आवश्यकतेनुसार द्यावे’ एवढंच असलं तर एक सिस्टर एक अँप्युल देऊन तासाभरानं बघेल, दुसरी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत देतच राहील. पहिल्या पेशंटची छाती पाण्यानं भरत जाईल, दुसरा तापानं फणफणून बडबडायला लागेल.

हाच शब्द उलगडून लिहिला तर असा होतो: मोठ्या माणसाला सुरुवातीला १.८ ते ३ मिग्रॅ शिरेतून, म्हणजे ०.६ मिग्रॅच्या ३ ते ५ अँप्युल. ५ मिनिटांनी परत बघायचं. सुधारणा नसेल तर आधीच्या डोसच्या दुप्पट, परत ५ मिनिटं. थांबायचं केव्हा, तर छातीतला घरघराट गेला, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिल्या नाहीत तेव्हा. आणि पेशंट गोंधळला, ताप चढला, पोटातले आवाज बंद झाले तर जास्त झालं, औषध थांबवा.

म्हणजे त्या एका शब्दात चार प्रश्न दडले होते: सुरुवात कितीनं, परत कधी बघायचं, कशावर थांबायचं, जास्त झालं हे कशावरून ओळखायचं. ‘आवश्यकतेनुसार’ दिसलं की हे चार विचारा. कसं विचारायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

६. मग सगळीकडे आकडेच टाकले तर काम झालं ना?

बऱ्याच ठिकाणी हो, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ‘श्वास जलद’ एवढ्यावर कोणालाच सारखं ओळखता येत नाही. म्हणून आकडा ठरला: २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक वर्ष ते ५ वर्षांच्या आत ४० किंवा जास्त. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि उपचार द्यायला शिकवलं, बालमृत्यू कमी झाले, त्याचा अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. साठपर्यंत मोजता येत नाही अशांसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं, दर दहा श्वासाला एक मणी सरकवायचा. मला हे फार भावतं, कारण वाक्य स्पष्ट करून ते थांबले नाहीत, ते पाळता येईल अशी वस्तूही हातात दिली.

तरी आकडा म्हणजे सगळं संपलं असं नाही. ‘२ ते १२ महिने’ असं लिहिलंय आणि बाळ आज बरोबर १२ महिन्यांचं झालं, ५० धरायचे की ४०? ४० धरायचे, कारण मूळ अर्थ १२ महिने पूर्ण व्हायच्या आत असा आहे. पण आपल्या ‘पर्यंत’ आणि ‘ते’मध्ये शेवटचा आकडा धरला की सोडला हे कधीच कळत नाही, म्हणून ‘च्या आत’ किंवा ‘पूर्ण झाल्यावर’ असं लिहावं. मोजायचं कसं हेही लिहावं लागतं: पूर्ण मिनिट, बाळ शांत असताना. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं की एका श्वासाच्या चुकीचे चार होतात.

७. साप चावला. चार्टवर ‘सूज जास्त असल्यास एएसव्ही’ (सापाच्या विषावरचं औषध) लिहिलंय. जास्त म्हणजे किती?

चावलेल्या हाताच्या किंवा पायाच्या अर्ध्याहून जास्त भागावर सूज, आवळपट्टी बांधलेली नसताना. किंवा चावा पंजाला, पावलाला आणि काही तासांतच सूज मनगट-घोट्याच्या वर चढली. पेननं सुजेच्या कडेवर रेघ मारून बाजूला वेळ लिहा, मग ‘वाढतेय’ हे दोघांना सारखं दिसतं.

पण इथे मोठा खड्डा आहे. मण्यार चावली तर सूज येतच नाही म्हटलं तरी चालेल, झोपेत चावते, खूण दिसत नाही, माणूस पोट दुखतं म्हणून येतो आणि मग पापण्या खाली यायला लागतात. चार्टवर नुसतं सुजेचं वाक्य असेल तर तो पेशंट घरी पाठवला जाईल. त्यामुळे ‘सूज किंवा पापण्या पडणे किंवा रक्त न गोठणे, यातलं कोणतंही एक’ असंच लिहिलेलं पाहिजे.

रक्त गोठण्याच्या टेस्टचा माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा सोयाबीनच्या निंदणाला गेलेले एक काका आले, पायाला चावलं होतं, सूज घोट्याखालीच. भिंतीवर लिहिलं होतं, ‘रक्त टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन २० मिनिटांनी गोठले का पाहावे’. मी स्टँडवरची ट्यूब घेतली, पावडरनं धुवून पालथी घातलेली. २० मिनिटांनी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी १० व्हायल लावल्या, काकांना थंडी वाजून रिॲक्शन आली, आम्ही ॲड्रेनालिन दिलं. नंतर सिनियर आले, त्यांनी नवी काचेची ट्यूब काढली, तिच्यात रक्त व्यवस्थित गोठलं, आणि औषधानं रक्त एवढ्या लवकर गोठायला लागत नाही, म्हणजे ते आधीही गोठतच होतं, हे त्यांनी मला तिथंच समजावलं. साबणाचा अंश राहिला की रक्त गोठत नाही, प्लास्टिकच्या ट्यूबमध्येही भरवसा नाही. काका बरे होऊन गेले. ‘नवी किंवा साबण न लागलेली, कोरडी, काचेची, आणि २० मिनिटं हलवायची नाही’ एवढे शब्द त्या भिंतीवर असते तर ती रात्र टळली असती.

८. लहान मुलाला एएसव्ही वजनाप्रमाणे कमी देतात ना? ‘वजनानुसार डोस’ असं मीच कुठंतरी वाचलं.

नाही. सापानं सोडलेलं विष मूल लहान म्हणून कमी होत नाही, त्यामुळे व्हायल मोठ्याइतक्याच. वजन बघायचं ते सलाईनसाठी आणि ॲड्रेनालिनसाठी. ‘औषधे वजनानुसार’ असं सरसकट वाक्य चार्टच्या खाली एका ओळीत टाकलं की हा घोळ होतो.

९. कुत्रं चावल्यावर ‘तिसऱ्या दिवशी या’ सांगितलं, पेशंट बुधवारी आला, सिस्टर म्हणते गुरुवारी ये. कोण चूक?

चूक त्या वाक्याची आहे. रेबीजच्या वेळापत्रकात पहिल्या सुईचा दिवस शून्य असतो. त्वचेत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८, दंडात द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८. सोमवारी पहिली सुई असेल तर ‘३’ म्हणजे गुरुवार, ‘७’ म्हणजे पुढचा सोमवार. पण आपली माणसं आजचा दिवस धरून मोजतात, सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. त्याच हिशेबानं सातवा दिवस रविवार येतो आणि ओपीडीला कुलूप. आपण बोलताना आठवड्याला आठ दिवस म्हणतो, दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतो, ही आपली मोजायची रीतच आहे, तिला चूक म्हणून उपयोग नाही.

त्यामुळे पेशंटला आकडा सांगूच नका, तारीख आणि वार कार्डावर लिहा, सोबत गावचा बाजार कोणत्या वारी असतो ते जोडून सांगा: ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’. आमच्याकडे असं सांगायला लागल्यापासून परत फिरणारे पेशंट कमी झालेत. ‘दिवसाआड’ आणि ‘दर तिसऱ्या दिवशी’ या शब्दांनाही हेच लागू.

१०. ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिली ना?

कागदावर हो, घरात नाही. एक आजी नातवाला घेऊन आल्या, औषध कशानं पाजता विचारलं तर पिशवीतून पोह्याचा स्टीलचा चमचा काढला, मी सिरिंजनं मोजलं तर काठोकाठ ८ मिली भरलं.

पॅरासिटामॉलमध्ये तर आणखी गुंता. ५ मिलीत १२० मिग्रॅवालं सायरप येतं, ५ मिलीत २५० वालं येतं, आणि ड्रॉप्स एका मिलीत १०० मिग्रॅचे. १० किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिग्रॅ लागतं, म्हणजे पहिल्यातून सव्वासहा मिली, दुसऱ्यातून ३ मिली, ड्रॉप्समधून दीडच मिली. ड्रॉप्सचा ‘एक चमचा’ पाजला तर तिपटीहून जास्त गेलं. मिलीत लिहा, बाटलीवरची ताकद लिहा, आणि झाकणावर पेननं रेघ मारून द्या.

११. ‘भरपूर पाणी’, ‘क्वचित दुष्परिणाम’, ‘तात्काळ रेफर’ हे शब्द तरी चालतात ना?

थोडक्यात सांगते. ‘भरपूर’: जुलाबात प्रत्येक पातळ संडासनंतर २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली ओआरएस, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, घोट घोट, असं सांगा. ‘क्वचित’: युरोपात औषधांच्या माहितीपत्रकात याचा अर्थ ठरवलाय, हजारात एकाहून कमी. पेशंट तो दहातला एक समजून गोळी बंद करतो, म्हणून ‘हजार जणांना दिलं तर फार तर एखाद्याला’ असं सांगा. ‘तात्काळ’: किती मिनिटांत, कुठं, आणि १०८ येईपर्यंत इथं काय द्यायचं, हे तीन नसतील तर तो शब्द रिकामा आहे. आमच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांना ताप आला की ‘तात्काळ’ खरोखर तात्काळ असतं, १०१.३ फॅरनहाइटच्या वर गेला तर बाजार, पेरणी, काही बघायचं नाही.

१२. दोन गाईडलाईन वेगळं सांगतात. कोणती धरू?

आधी खरंच वेगळं आहे का ते बघा. जुलाबात झिंक एका ठिकाणी १० ते १४ दिवस, दुसऱ्या ठिकाणी १४ दिवस: भांडण नाहीच, १४ दिवस दिलं की दोन्ही पाळलं. रेबीजच्या दोन वेळापत्रकांचंही (प्रश्न ९) तसंच, दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका पेशंटला मध्येच अदलाबदल करायची नाही. खरा विरोध असेल तर आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं आणि नव्या तारखेचं धरा. तारीखच नसलेला चार्ट भिंतीवर असेल तर तो कधीचा आहे ते आधी मेडिकल ऑफिसरना विचारा.

१३. मुद्दाम मोघम ठेवणं कधी बरोबर असतं का?

असतं. फवारणीच्याच विषबाधेत प्रॅलिडॉक्सिम हे दुसरं औषध द्यायचं की नाही याचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे कोणी छातीठोक ‘द्यायचंच’ लिहिलं तर ते खोटं स्पष्ट होईल, मोघमपेक्षा वाईट. शेवटच्या आजारातल्या बुढ्या आईला दवाखान्यात ठेवायचं की घरी न्यायचं, हेही कोणत्या आकड्यानं ठरत नाही, घरच्यांशी बसून बोलावं लागतं. पण मग गाईडलाईननं तसं उघड म्हणावं, ‘पुरावा कमी आहे, डॉक्टरनं पेशंट बघून ठरवावं’.

उलटा अपवादही लक्षात ठेवा: आकडा अगदी स्पष्ट आणि तरी धोक्याचा. ‘इन्सुलिन २० युनिट’. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची व्हायल मिळते आणि १०० युनिटचीही. १०० वालं औषध लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट गेलं, म्हणजे ५० युनिट. आणि मेथोट्रेक्सेट ही गोळी आमवाताच्या सांधेदुखीला आठवड्यातून एकदाच असते, तिथे ‘१ गोळी’ एवढंच लिहिलं आणि पेशंटनं रोज घेतली तर जीव जातो. वार लिहाच, ‘फक्त सोमवारी’.

१४. वाक्य समजलं नाही तर सरांना कसं विचारू? चिडतात.

‘सर, काय करू?’ असं विचारलं की चिडतात, तिकडून उत्तरही मोघमच येतं, ‘बघा, गरज वाटली तर द्या’. चार्टवरचे शब्द जसेच्या तसे लिहा, मोजलेलं लिहा, आणि हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न करा. आमच्या एका सिस्टरचा मेसेज असा होता: ‘सर, चार्टवर सूज वाढत असल्यास असं आहे. मूल १४ किलो, चावा उजव्या घोट्याजवळ. ९ वाजता रेघ घोट्याच्या वर ४ बोटं, १० वाजता गुडघ्यावर. पापण्या ठीक. १० व्हायल सुरू करू का?’ दोन मिनिटांत ‘हो’ आलं.

उत्तर, वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव रजिस्टरला लिहा. सकाळी चार्टवर त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा. त्याच शब्दावर तीन वेळा फोन करावा लागला की चार्टचा फोटो, तिन्ही तारखा आणि तो शब्द बदलून काय लिहायला पाहिजे ते तुमच्या भाषेत, असं एका पानावर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्याच्या मीटिंगमध्ये द्या आणि पोच घ्या. मी आतापर्यंत अशी चार पानं दिलीत. टेस्ट ट्यूबचं वाक्य बदललं, आता आमच्या पीएचसीच्या भिंतीवर ‘कोरडी, काचेची, साबण न लागलेली’ असं लाल अक्षरात आहे. बाकी तीन पानांच्या उत्तराची वाट बघतेय.